डोंगराचे मुद्दल, बाजारपेठेतील गाळ

वर्षअखेरीस व्यापारी घरात शिल्लक मालाची मोजदाद होते. काय विकले गेले, काय उरले, कशात घट आली, याची नोंद वहीत उतरते आणि मगच नव्या वर्षाचे पान उघडले जाते. चिपळूणच्या बाजारपेठेवर ही मोजदाद २०२१ साली जुलै महिन्यातच करण्याची वेळ आली. २१ जुलैच्या रात्री सह्याद्रीच्या माथ्यापासून खाडीपर्यंत अखंड पाऊस कोसळला आणि २२ जुलैच्या पहाटे वाशिष्ठी व शिव या दोन्ही नद्यांचे पाणी शहरात शिरले. तळमजल्यावरील दुकाने बुडाली. धान्य, कापड, औषधे, यंत्रे, हिशेबाच्या वह्या, सारे पाण्याखाली गेले. पाणी ओसरले तेव्हा दुकानादुकानांत मागे राहिला तो तांबूस, चिकट गाळ. पिढ्यान्‌पिढ्या तराजू हाती धरणाऱ्या हातांनी कित्येक दिवस फावडी धरली.

त्यानंतर पंचनामे झाले, विम्याचे दावे दाखल झाले, भिजलेल्या मालाच्या याद्या तयार झाल्या. या याद्यांत तांदळाची पोती होती, साड्यांचे गठ्ठे होते, शीतकपाटे होती. मात्र ज्या गाळाने दुकान भरले होते, त्याची नोंद ‘घाण’ किंवा ‘राडारोडा’ यापलीकडे कुठेच नव्हती. तो उचलून बाहेर टाकला गेला आणि विसरला गेला. पण व्यापाराचा एक साधा नियम आहे : एका खात्यात जे जमा होते, ते दुसऱ्या कुठल्या तरी खात्यातून नावे पडलेले असते. मग बाजारपेठेत जमा झालेली ही माती कोणाच्या खात्यातून नावे पडली होती?

गाळ कोणाचा?

चिपळूणच्या महापुराला एकच कारण होते, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या रात्रीचा पाऊस असाधारण होता. भरतीचे पाणी नदीला खाडीत उतरू देत नव्हते. कोयनेच्या वीजप्रकल्पातून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येणाऱ्या पाण्याविषयीही पुष्कळ वाद झाला. २६ जुलै २००५ रोजीही या शहराने महापूर पाहिला होता. परंतु या सर्व कारणांच्या बरोबरीने एक कारण नागरिकांनी एकमुखाने मांडले : नदीचे पात्र गाळाने भरून उथळ झाले आहे, तिला पाणी वाहून नेण्यास जागाच उरलेली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण आरंभिले, त्यातील प्रमुख मागणी गाळ काढण्याचीच होती. पुढे शासकीय यंत्रणेबरोबर नाम फाउंडेशनसारखी संस्थाही यंत्रसामग्री घेऊन उतरली आणि पात्रातील गाळ उपसण्याचे काम सुरू झाले.

नदीतील गाळ काढणे आवश्यकच होते. परंतु गळक्या हौदातील पाणी उपसत राहून गळती थांबत नाही, त्याचप्रमाणे डोंगरावरून माती येत राहिली तर नदी पुन्हा भरणारच. ही माती येते कोठून, हे समजण्यासाठी रत्नागिरी जिल्ह्याची ठेवण पाहावी लागते. पूर्वेस सह्याद्रीचा उभा कडा आणि पश्चिमेस समुद्र. मधले अंतर जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरचे. त्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नद्या आखूड, उतार तीव्र. जांभ्या दगडाच्या सड्यावर मातीचा थर वीतभर, कोठे तर बोटभरच. त्या पातळ थरावरच भात, नाचणी, आंबा, काजू आणि माणसांचे आयुष्य उभे आहे.

पावसाचा थेंब उघड्या मातीवर थेट पडतो तेव्हा तो मातीचे कण सुटे करतो आणि उतारावरचे पाणी ते कण वाहून नेते. तोच थेंब आधी झाडाच्या पानावर, मग गवतावर, मग पाचोळ्यावर पडला तर त्याचा जोर मोडतो आणि पाणी संथपणे जमिनीत मुरते. कोकणातील मातीचे रक्षण करणारे मुख्य बांधकाम कोणते असेल, तर ते हे पाला-पाचोळ्याचे पांघरूणच. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत डोंगरावर वणवा पेटला की हे पांघरूण जळते आणि जूनचा पहिला पाऊस नग्न डोंगरावर येतो. पहिल्या पावसात नदी लाल होते, ती याच कारणाने.

या हानीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एका एकरावरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा, म्हणजे जाड पुठ्ठ्याएवढा थर वाहून गेला, तर सुमारे चार घनमीटर माती जाते. बांधकामाच्या भाषेत ही जवळजवळ दीड ब्रास होते आणि वजनात सुमारे पाच टन. डोळ्यांना ही घट दिसत नाही. शेतकऱ्यालाही जाणवत नाही. दुसरीकडे, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांगण्यानुसार दोन-तीन सेंटिमीटर माती तयार होण्यास हजार वर्षांपर्यंत काळ लागू शकतो. वर्षाला एक मिलिमीटर या गतीने पंचवीस वर्षांत अडीच सेंटिमीटर थर जातो. म्हणजे हजार वर्षांची शिल्लक एका पिढीत संपते. पीक हे व्याज आहे, माती हे मुद्दल आहे. व्याज खाणारे घर टिकते. मुद्दल खाणारे घर काही काळ श्रीमंत दिसते, एवढेच.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. महाराष्ट्रात माती व मुरूम ही गौण खनिजे आहेत. कोणी मालमोटार भरून माती नेली, तर शासन ब्रासच्या हिशेबाने स्वामित्वधन आकारते, विनापरवाना नेली तर दंड करते. परंतु तीच माती पावसाने नेली, तर तिची मोजदाद कोणत्याही कचेरीत होत नाही.

राजापूरचा धडा

मातीच्या हिशेबाकडे दुर्लक्ष केल्याने व्यापार कसा बुडतो, याचे उदाहरण याच जिल्ह्यात दक्षिणेस आहे. राजापूर हे सतराव्या शतकात कोकणातील नामांकित बंदर होते. घाटावरचा माल येथे उतरे आणि गलबतांतून अरबस्तानापर्यंत जाई. इंग्रजांनी तेथे वखार घातली होती आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापुरावर स्वारी केली तेव्हा त्या वखारीलाही त्याची झळ पोहोचली. एवढी ख्याती असलेल्या या बंदराची खाडी पुढे गाळाने भरत गेली. एकोणिसाव्या शतकात मोठ्या गलबतांना शहरापर्यंत येणे अशक्य झाले आणि ती खाडीच्या मुखाशी जैतापुरास थांबू लागली. बंदर गेले, पेढ्या गेल्या. आज अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या संगमाजवळचे हे शहर पावसाळ्यात वारंवार पुराचे पाणी पाहते. ज्या धक्क्यापर्यंत पूर्वी जहाज येत असे, त्या बाजारपेठेत आता पूर येतो.

राजापूरच्या तत्कालीन व्यापाऱ्यांनी डोंगरावरच्या मातीचा विचार केला नसेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. त्यांचा माल समुद्रातून येत होता, त्यांची नजर समुद्राकडे होती. संकट मात्र पाठीमागून, डोंगराकडून आले. चिपळूणच्या बाजारपेठेसमोर आज तोच प्रश्न उभा आहे. फरक एवढाच, की आता कारण ठाऊक आहे.

मालक कोण, कसणारा कोण?

डोंगरउतार राखायचा तर तो राखणारा माणूस हवा. असा माणूस का उरला नाही, याचे उत्तर जमीनधारणेच्या इतिहासात सापडते. रत्नागिरी जिल्हा हा खोतीचा मुलूख. खोत सरकार आणि रयत यांच्या मध्ये उभा राहून वसुली करीत असे. कुळाला भाताच्या पिकाचा अर्धा वाटा, म्हणजे अर्धेल, आणि वरकस जमिनीवर तिसरा वाटा, म्हणजे तिर्धेल, खोताला द्यावा लागे. उद्या ही जमीन आपल्याकडे राहील याची खात्री नसलेले कूळ बांध घालण्यासाठी, गडगा रचण्यासाठी, झाड लावण्यासाठी घाम का गाळील? जमिनीवरचा हक्क अस्थिर असेल, तर जमिनीची निगाही अस्थिरच राहते.

ही व्यवस्था मोडण्यासाठी मोठा लढा झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे. त्यांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी येथील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून अनेक वर्षे संप चालविला. अखेर १९४९ च्या कायद्याने खोती संपुष्टात आली आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले.

हक्क मिळाला, परंतु त्याच काळात कसणारा माणूसच गाव सोडून मुंबईला जाऊ लागला. मनीऑर्डरवर चालणारे गाव ही कोकणाची ओळख झाली. आजही हा ओघ थांबलेला नाही. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. संपूर्ण राज्याची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा रिता होत होता. त्याच २०११ च्या गणनेत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या १,१२२ होती. हा आकडा एक गोष्ट स्पष्ट करतो : पुरुष चाकरीसाठी बाहेर गेले आणि उतारावरची माती स्त्रियांच्या हाती राहिली.

तरवा काढणे, लावणी करणे, पहिल्या पावसात फुटलेला बांध चिखलाने सांधणे, ढासळलेल्या गडग्याचा दगड उचलून पुन्हा जागेवर बसविणे, ही कामे ती करते. सातबाराच्या उताऱ्यावर मात्र तिचे नाव बहुधा नसते. तेथे सासऱ्यांचे, दिरांचे, चुलत दिरांचे, त्यांच्या मुलांचे, अशी वीस-पंचवीस नावे असतात. फळबाग लागवडीसाठी किंवा बांधबंदिस्तीसाठी शासकीय योजनेचा लाभ घ्यायचा तर सर्व सहहिस्सेदारांची संमती हवी. एक डोंबिवलीला, दुसरा सुरतेला, तिसऱ्याचा पत्ताच नाही. ज्या हातांना माती कळते त्यांना सहीचा अधिकार नाही आणि ज्यांना सहीचा अधिकार आहे त्यांनी ती माती वीस वर्षांत पाहिलेली नाही.

एका सहीची किंमत

अशा सामाईक डोंगराकडे कोणाचे लक्ष जात नाही. लक्ष जाते ते लाकूडतोडीचा ठेकेदार आल्यावर. रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतांश जंगल हे शासकीय नसून खासगी मालकीचे आहे, ही येथील विशेष परिस्थिती. ठेकेदार उभ्या झाडांची रक्कम ठरवितो. वीस हिस्सेदारांत ती वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम एखाद्या लग्नातील आहेराएवढीही नसते. तरीही सही होते, कारण न विकता त्या डोंगरातून काहीच हाती येत नाही, अशी प्रत्येकाची समजूत असते. ऐन, किंजळ यांचे लाकूड भट्ट्यांकडे व कारखान्यांच्या बॉयलरांकडे जाते, खैर कातासाठी जातो, काही ठिकाणी कोळसा पाडला जातो.

येथे एक तांत्रिक भेद समजून घेतला पाहिजे. झाड बुंध्यापासून कापले आणि खोड जमिनीत राहू दिले, तर पुष्कळ झाडांना नवे धुमारे फुटतात; मुळे जिवंत राहतात आणि माती धरून ठेवतात. परंतु यंत्राने खोड उपटून काढले आणि उतार सपाट केला, तर माती धरणारी ती जाळीच नाहीशी होते. जांभ्याच्या थराखाली अनेक ठिकाणी मऊ चिकणमाती असते; वरचा उतार कापला गेला आणि पाणी आत मुरले, की ती घसरते. २२ जुलै २०२१ याच दिवशी रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. खेड तालुक्यातील पोसरे येथेही घरे दरडीखाली गेली. प्रत्येक दरडीमागे मानवी हात असतोच असे नाही. अतिवृष्टी निबिड जंगलातील कडाही खाली आणते. परंतु जेथे उतार आधीच दुबळा आहे, तेथे त्याला आणखी दुबळा करण्याचे काम माणसाने तरी करू नये.

फळबागांचेही असेच आहे. १९९० मध्ये महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड योजना शंभर टक्के अनुदानावर सुरू केली आणि कोकणातील ओसाड वरकस जमिनींवर आंबा-काजूची कलमे उभी राहिली. कातळात सुरुंग लावून खड्डे घेतले गेले, दुसरीकडून माती आणून ते भरले गेले. हे कष्ट असामान्य होते. आज ज्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तो या कष्टांचेही फळ आहे. परंतु पुष्कळशा बागा आता हंगामापुरत्या कराराने दिल्या जातात. एका हंगामाचा करारदार झाडाकडून आणि मातीकडून या वर्षी जेवढे निघेल तेवढे काढून घेतो. झाडाला दरवर्षी मोहोर यावा म्हणून कल्टार द्यायचे, पण मातीला शेणखत घालायचे नाही, अशी त्याची रीत असते. तो दुष्ट आहे असे नव्हे. पुढच्या वर्षी ती बाग त्याची नसणार, एवढेच त्याला ठाऊक असते. खोतीतील कुळाची मनःस्थिती आणि हंगामी करारदाराची मनःस्थिती यांत फारसा भेद नाही. मातीला दीर्घ मुदतीचा सोबती लागतो.

कायदे पुष्कळ, ताळेबंद एकही नाही

कायदे नाहीत, असे म्हणता येणार नाही. बांधबंदिस्तीसाठी मुंबई राज्याने १९४२ मध्येच जमीन सुधारणा योजना अधिनियम केला. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम १९६४ चा आहे. हिरडा, चिंच, आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ यांसारखी झाडे तोडण्यास त्यानुसार पूर्वपरवानगी लागते. जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे. दापोली येथे १९७२ पासून कोकणासाठी स्वतंत्र कृषी विद्यापीठ आहे. २०१५ पासून शेतकऱ्याला मृद आरोग्य पत्रिका मिळू लागली. त्यापूर्वी २०११ मध्ये डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने आपला अहवाल दिला आणि निर्णयप्रक्रियेत ग्रामसभेला स्थान द्यावे, असा आग्रह धरला.

उणीव आहे ती जोडणीची. झाड तोडण्याची परवानगी वन खाते देते. सातबारा महसूल खात्याकडे. बांध कृषी व जलसंधारण खात्याकडे. नदीतील गाळ जलसंपदा खात्याकडे. बाजारपेठ नगरपरिषदेकडे. मातीचा एक कण डोंगरावरून सुटून दुकानात येईपर्यंत पाच कचेऱ्यांच्या हद्दी ओलांडतो आणि कोणत्याही हद्दीवर त्याची नोंद होत नाही. व्यवसायातील पाच शाखांनी आपापल्या वह्या नीट ठेवल्या, पण एकत्रित ताळेबंद कोणी काढलाच नाही, तर त्या पेढीचे जे होईल ते येथे झाले आहे.

एकत्रित ताळेबंद शक्य आहे, हे महाराष्ट्रानेच दाखविले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारली, डोंगरावर समतल चर खणले, गावाबाहेरच्यांस जमीन न विकण्याचा निर्णय केला आणि दरवर्षी पाण्याचा जमाखर्च ग्रामसभेत मांडण्याची प्रथा पाडली. तेथे पाऊस अत्यल्प, कोकणात तो अमाप; म्हणून उपाय जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण ग्रामसभेपुढे हिशेब मांडण्याची रीत उचलता येते. कोकणालाही ही कल्पना परकी नाही. गावोगावच्या देवरायांत देवाच्या नावाने राखलेले रान असते, तेथील फांदीही कोणी तोडीत नाही आणि पुष्कळदा त्याच रानाच्या पायथ्याशी गावाचा झरा असतो. लेखी कायद्यावाचून शतकानुशतके चाललेली ही भूव्यवस्था होय. तिच्यात मालकी नव्हती, मर्यादा होती.

श्रावकाच्या व्रतातील माती

‘मर्यादा’ हा शब्द जैन व्यापारी कुटुंबांना नवा नाही. उपासकदशांग सूत्रातील पहिली कथा वाणिज्यग्रामच्या आनंद गाथापतीची आहे. तो अत्यंत धनाढ्य होता. भगवान महावीरांसमोर व्रते घेताना त्याने सुवर्ण, गोधन आणि गाडे यांची मर्यादा तर केलीच. पण जमिनीचीही केली : पाचशे नांगर आणि प्रत्येक नांगरामागे शंभर निवर्तने, याहून अधिक नाही. परिग्रहाच्या यादीत क्षेत्र म्हणजे जमीन येते, याची आठवण ही कथा करून देते.

त्याच ठिकाणी श्रावकाने टाळावयाची पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांतील काही नावे डोंगराच्या संदर्भात वाचली, तर ती आजच लिहिल्यासारखी वाटतात : कोळसा पाडण्याचे अंगारकर्म, रान तोडण्याचे वनकर्म, भूमी फोडण्याचे स्फोटकर्म, रानाला आग लावण्याचे दवदान. दिगंबर परंपरेत आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचा विचार करताना विनाकारण भूमी खणणे आणि वनस्पती तोडणे यांची गणना प्रमादचर्येत केली आहे. दोन्ही परंपरा पृथ्वीकायिक जीव मानतात. जमीन हे केवळ क्षेत्रफळ नाही, हा विचार या घरांत बालपणापासून ऐकला जातो. प्रश्न आहे तो खरेदीखतावर सही करताना तो आठवतो की नाही, एवढाच.

आज कोळशाची भट्टी स्वतः लावणारे व्यापारी कुटुंब विरळाच आढळेल. परंतु ठेकेदाराला उचल देणे, कारखान्याच्या बॉयलरसाठी स्वस्त लाकूड कोठून आले हे न विचारता घेणे, गुंतवणूक म्हणून घेतलेला डोंगर ‘मोकळा’ करून ठेवण्यासाठी यंत्र पाठविणे, वणव्याने गवत आपोआप साफ होते म्हणून समाधान मानणे, या गोष्टी घडतात. कर्म दुसऱ्याच्या हातून झाले म्हणून त्याचे खाते दुसऱ्याच्या नावावर जात नाही. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे, या तिन्हींचा हिशेब आपल्याकडे वेगळा सांगितला आहे तो याचसाठी.

करता येण्याजोगे

उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. ज्या कुटुंबांच्या नावे कोकणात बाग आहे, त्यांनी ती एका हंगामाऐवजी पाच-सात वर्षांच्या लेखी कराराने द्यावी आणि करारात माती परीक्षण, सेंद्रिय खत, गडग्यांची दुरुस्ती व वणवाप्रतिबंधक पट्टा या अटी घालाव्यात. उत्पन्न थोडे कमी दिसेल, मुद्दल टिकेल. झाडे विकण्याची वेळ आलीच, तर खोड उपटू नये आणि वहाळाच्या काठची व उभ्या उतारावरची झाडे वगळावीत, असे करारनाम्यात लिहावे. जमीन सपाट करणे अपरिहार्य असेल, तर ते काम पावसाच्या पुष्कळ आधी संपवून उघड्या कडांवर वाळा किंवा गवत लावावे. बांधावर गिरिपुष्प लावले, तर त्याचा पाला खत म्हणून शेतात जातो आणि राब जाळण्यासाठी रानातील झाडांचे टाळे तोडण्याची गरज कमी होते. तारण म्हणून किंवा खरेदीसाठी जमीन पाहताना क्षेत्र, हक्क आणि रस्ता हे तीन प्रश्न विचारले जातात. त्यांत मातीच्या खोलीचा चौथा प्रश्न घालावा.

बाजारपेठांच्या व्यापारी संघटनांनाही एक काम करता येईल. पुराचा विमा अनेक व्यापारी उतरवितात. त्या हप्त्याचा अल्पसा अंश नदीच्या उगमाकडील गावांसाठी काढून ठेवला, तर दगडी बांध, समतल चर आणि गडग्यांची दुरुस्ती यांसाठी तेथील स्त्रियांच्या बचत गटांना मजुरी देता येईल. हे दान नव्हे. आपल्याच दुकानाच्या संरक्षणावरील खर्च होय. त्याबरोबर सहहिस्सेदारांची नावे कमी करण्यासाठी आपसांतील वाटण्या नोंदविणे आणि प्रत्यक्ष जमीन राखणाऱ्या घरच्या स्त्रीचे नाव सातबारावर आणणे, हे काम तर प्रत्येक कुटुंब आपल्या घरीच करू शकते. त्याला कोणाच्या अनुदानाची प्रतीक्षा नको.

चिपळूणच्या दुकानांना पुन्हा रंग लागला आहे, नवा माल भरला आहे. काही भिंतींवर पाण्याची ती जुनी रेघ अजूनही पुसटशी दिसते. दर जूनमध्ये व्यापारी त्या रेघेकडे एकदा पाहतो आणि मग आभाळाकडे पाहतो. त्याने आणखी एका दिशेला पाहावयास हवे. पूर्वेला, जेथे नदी उगम पावते, तेथे एखादी वृद्ध स्त्री पहिल्या पावसात फुटलेला बांध चिखलाने लिंपीत असते. तिच्या बांधावर थांबलेली प्रत्येक पाटीभर माती म्हणजे बाजारपेठेत न आलेला गाळ आहे. तिची मजुरी कोणी दिलेली नाही. ती बाकी अजून फेडावयाची आहे.